गुरुवारच्या दोन तासांत कलम जगत नाही

प्रति,
उद्यानविद्येचे व्यावसायिक अभ्यासक्रम आखणारी अभ्यासमंडळं, ते चालवणारी महाविद्यालयं आणि तिथले विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी रोपवाटिका चालवते. तुमच्याकडचा अभ्यासक्रम संपवून मुलं-मुली काम मागायला ज्या दारांत उभी राहतात, त्यांतलं एक दार माझं. हातात गुणपत्रिका असते, प्रात्यक्षिकाच्या रकान्यात भरघोस गुण असतात आणि पानोपानी सही-शिक्का असलेली जर्नल असते. मी जर्नल बाजूला ठेवते, एक कुंडी पुढ्यात सरकवते आणि विचारते, हिला आज पाणी घालायचं का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘एक दिवसाआड.’ कुंडी उचलून तिचं वजन बघणारा, मातीत बोट खुपसणारा विरळाच.

तक्रार मुलांबद्दल नाही. त्यांना कलमांचे प्रकार तोंडपाठ असतात, अन्नद्रव्यांच्या कमतरतेची लक्षणं क्रमाने सांगता येतात, आणि जे करायला सांगितलं ते त्यांनी मुकाट्याने केलेलं असतं. तक्रार आहे ती वेळापत्रकाबद्दल. आठवड्यातून एकदा, समजा गुरुवारी, दोन तासांचं प्रात्यक्षिक. वीस-पंचवीस जणांचा घोळका, मध्ये सर एक कलम बांधून दाखवतात, पुढच्या चौघांना ते दिसतं, मागचे मोबाइल उंच धरून शूटिंग करतात. मग प्रत्येकाला एक काडी आणि एक पट्टी. पुढच्या गुरुवारी विषय बदलून ठिबक येतं, त्याच्या पुढच्या गुरुवारी माती परीक्षण. बांधलेल्या कलमाचं पुढे काय झालं हे बघायला कोणी फिरकत नाही. जर्नलमध्ये मात्र निरीक्षण उतरवलेलं असतं, बहुधा गेल्या वर्षीच्या जर्नलमधून.

माझं मागणं एकच आहे. ज्या शिक्षणाला आपण व्यावसायिक म्हणतो, त्यात विद्यार्थ्याच्या हाती झाड सुरुवातीपासून विक्रीपर्यंत द्या, आणि गुण त्या सांभाळण्याला द्या.

कलमाचंच उदाहरण घेते, कारण ते सगळ्या महाविद्यालयांत शिकवलं जातं आणि बहुतेक ठिकाणी अर्धवट शिकवलं जातं. काप एका ओढीत घ्यावा लागतो. चाकू करवतीसारखा मागेपुढे केला की कापाला लाटा पडतात, खुंट (मुळं असलेलं खालचं रोप) आणि कलमकाडी (त्यावर बांधायची हव्या त्या जातीची काडी) मध्येच एकमेकांना टेकत नाहीत आणि तिथे हवा राहते. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर काडी मधोमध बसवून भागत नाही. एका कडेला तरी सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला लागला पाहिजे, कारण जोड तिथेच होतो. कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही, ती वाळू द्यायची नाही. एवढं प्रात्यक्षिकात सांगितलं जातं. पण बांधणं हे कामाचं फार तर एक-तृतीयांश. दोन्ही बाजूंच्या पेशी वाढून फट भरते, मग त्या भरावातून रस वाहून नेणाऱ्या नळ्या जोडल्या जातात, आणि ऊब आणि ओलावा मिळाला तरी याला काही आठवडे लागतात. तोवर खुंटाला खालून फूट येत राहते. ती दर काही दिवसांनी खुडली नाही तर खुंट सगळं बळ स्वतःच्या फुटव्याला देतो आणि वरची काडी उपाशी मरते. जोड पक्का झाला की पट्टी वेळेवर सोडावी लागते, नाहीतर खोड जाड होताना तीच त्याला आवळते. यातलं काहीही गुरुवारी दोन ते चार या वेळात घडत नाही.

आणि एक फसवणूक आहे, जी फक्त परत जाणाऱ्यालाच कळते. कलमकाडीत स्वतःचा अन्नसाठा असतो. जोड मुळीच झाला नसला तरी त्या साठ्यावर ती फुटते, दोन-चार कोवळी पानं काढते. ज्याला आठवडा-दोन आठवड्यांनी निरीक्षण लिहून मोकळं व्हायचंय, तो लिहितो ‘कलम यशस्वी’. पुढे ती पानं माना टाकतात, काडी काळी पडते. तोवर जर्नल तपासून झालेली असते, गुणही पडलेले असतात. खोटं लिहिण्याचा मुलाचा हेतू नव्हता. त्याने पाहिलं ते लिहिलं, फक्त त्याला फार लवकर पाहायला लावलं. मेलेलं कलम सोडवून आतला काप बघायला लावा, तिथे खरा धडा असतो. काडी पूर्ण वाळलेली असेल तर ओलावा राखला गेला नव्हता. भराव एकाच बाजूला आलेला असेल तर काडी चुकीची बसली होती. दोन्ही काप बांधले तेव्हा होते तसेच सपाट आणि तपकिरी असतील तर ते एकमेकांना भेटलेच नव्हते. दहा मेलेली कलमं अशी उघडून बघणाऱ्या मुलीला मी त्याच दिवशी कामावर घेईन.

पाण्याचं तर विचारूच नका. जपानमध्ये बोन्साय करणाऱ्यांत म्हणतात की पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात. आपल्या अभ्यासक्रमात पाण्याला पीकवार लिटरचा तक्ता असतो, बस्स. खरं तर यातली मूळ गोष्ट दाखवायला दहा मिनिटं पुरतात. एक चौकोनी लांबट स्पंज पाण्यात बुडवून जाळीवर आडवा ठेवा. थेंब गळायचे थांबले की त्याला न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मिश्रणाचंही असंच आहे. तळाशी ठरावीक उंचीचा एक थर पाण्याने भरलेला राहतो, म्हणून उथळ ट्रे जास्त वेळ चिंब असतो आणि उंच पिशवीचा वरचा भाग लवकर सुकतो. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, असं अजूनही अनेक नोट्समध्ये लिहिलेलं सापडतं. बारीक माती पुरती भिजेपर्यंत पाणी खाली मोठ्या खडीत उतरत नाही, त्यामुळे खडीने काय होतं, तर तो चिंब थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. स्पंज पाहिलेल्या मुलाला हे पाठ करावं लागत नाही. मात्र कुंडी उचलून वजनावरून ओल ओळखणं ही गोष्ट दहा मिनिटांत येत नाही. त्यासाठी तीच रोपं ढगाळ दिवसांत, वाऱ्यात, कडक उन्हात, रोज उचलावी लागतात.

कोणी म्हणेल, ही बाई विज्ञानाला कमी लेखतेय. अजिबात नाही. या विषयातलं कितीतरी विज्ञान हातच मळवून मिळालेलं आहे. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनिस संस्थेत प्रयोगासाठी वाढवलेली प्रिम्युला या फुलझाडाची रोपं मोठ्या संख्येने मरू लागली. तोपर्यंत दर माळ्याचं मातीचं मिश्रण वेगळं, दर पिकाला निराळं, आणि बरंचसं गुपित. लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांनी कुंडीमागून कुंडी तपासत शेवटी मोजकीच मिश्रणं ठरवली: रोपं वाढवायला वाफेने निर्जंतुक केलेली पोयटा माती ७ भाग, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) ३ भाग, वाळू २ भाग; बी पेरायला २, १, १. ते प्रमाण आजही जगभर ओळखलं जातं. मेलेल्या रोपांच्या ट्रेवर ‘अयशस्वी’ असा शिक्का मारून पुढच्या प्रकरणाकडे वळणारी माणसं ती असती, तर एवढं झालं नसतं.

छाटणीचंही तेच. झाडाची फांदी खोडाशी अगदी सपाट कापायची, असं बराच काळ सगळीकडे शिकवलं जाई. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगोने हजारो झाडं साखळी-करवतीने उभी चिरून आतली कुज पाहिली. १९७७ साली त्याने मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजका भाग कप्पे करून बंद करतं. फांदीच्या बुडाशी सालीची जी फुगीर वळी असते तिला धक्का लागला की ते कप्पे नीट बनत नाहीत, आणि कापावर रंग किंवा डांबर फासल्याने कुज थांबत नाही. आज हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण ती वळी कुठे संपते हे दर फांदीवर वेगळं असतं आणि ते बघायला हातात कात्री, डोळ्यासमोर झाड आणि शेजारी टोकणारं माणूस लागतं. सैद्धांतिक तास कमी करा असं मी म्हणत नाही. तो तास झाडाजवळ घ्या, एवढंच.

बाहेर हे कसं करतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. जर्मनीत माळीकामाचं प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं. शिकणारा एखाद्या रोपवाटिकेशी किंवा बागकाम कंपनीशी करार करतो, दरमहा मोबदला घेतो, आणि आठवड्यातले एक-दोन दिवस किंवा सलग काही आठवडे शाळेत जातो. शाखा सात: फळझाडं, भाजीपाला, शोभेची रोपं, बहुवार्षिक फुलझाडं, झाडांची रोपवाटिका, उद्यानरचना, आणि सातवी म्हणजे स्मशानभूमीतल्या बागा. (सातवी शाखा ऐकून आमच्याकडची मुलं हसतात. त्या कामाला तिथे बारमाही मागणी असते हे सांगितलं की हसू थांबतं.) जर्नल त्यांनाही लिहावी लागते, तिच्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. पण तिच्यात त्या त्या आठवड्यात स्वतः काय केलं याची नोंद असते. कॅनडात नायगारा पार्क्सची उद्यानविद्येची शाळा १९३६ पासून चालू आहे, आणि सुमारे ४० हेक्टरचं वनस्पती उद्यान हाच तिचा वर्ग. लोक तिकडे बघायला येतात ती बाग विद्यार्थ्यांच्या हातची असते. चुकलं तर चारचौघांत दिसतं. हे जसंच्या तसं उचला असं माझं म्हणणं नाही, प्रत्येक ठिकाणची जमीन, हवा, पैसा वेगळा. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: झाडाच्या वेळेप्रमाणे माणसाने जायचं.

आपली गाडी अडते ती नेमकी इथे. सत्र सुरू होतं प्रवेशप्रक्रिया संपली की, परीक्षा येते विद्यापीठाच्या सोयीने, आणि मोठी सुटी लागते तेव्हा रोपांना सर्वांत जास्त देखभाल हवी असते. सुटीत पाणी कोणी घालायचं, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या कुठल्याही कागदावर मला दिसलेला नाही. उत्तर अवघड नाही. पाळ्या लावा. सुटीतल्या पाळीला श्रेयांक द्या, प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च द्या, आणि ज्याची पाळी चुकली त्याच्या वाफ्याची नोंद कोऱ्या रकान्यासकट तशीच राहू द्या. सहा महिन्यांच्या सत्रात बहुवर्षायू झाड बसत नाही हे मान्य. मग पहिल्या वर्षी खुंट तयार करा, दुसऱ्या वर्षी त्याच खुंटावर कलम बांधा, तिसऱ्या वर्षी त्याची छाटणी आणि विक्री. शेवटच्या वर्षाची मुलगी स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या चुका त्या झाडाच्या खोडावर वाचू शकेल. लवकर हाती येणारं काही हवंच असेल तर मुळा, पालेभाज्या, झेंडू आहेत. एका सत्रात पेरणी ते विक्री पूर्ण होते.

परीक्षेचं म्हणाल तर तोंडी परीक्षेत ‘गुटी कलम म्हणजे काय?’ विचारणं थांबवा. ज्याने फांदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ बांधून, प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसेपर्यंत वाट पाहिलीय, त्याच्याकडून व्याख्या ऐकून काय मिळणार? त्याला त्याची गुटी कापून, पिशवीत लावून, सावलीत ठेवून महिन्याभराने दाखवायला सांगा. जगण्याच्या टक्केवारीवर सरळ गुण देऊ नका, नाहीतर मुलं शेजारची रोपं आणून ठेवतील. (ठेवतात. परीक्षकही ओळखतात आणि गप्प बसतात.) गुण नोंदीला द्या: किती लावली, किती गेली, केव्हा गेली, का गेली असं वाटतं, पुढच्या वेळी काय बदललं. आयबीए या मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची पावडर १०००, ३००० आणि ८००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) अशा वेगवेगळ्या तीव्रतेची मिळते. एकाच झाडाच्या नरम आणि कठीण काड्यांना त्या लावून, एक गट कोरा ठेवून, काय झालं ते प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला, एकही काडी मुळावली नसली तरी, पूर्ण गुण पडायला हवेत.

शिकवणार कोण, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. तुमच्या महाविद्यालयांत ज्यांना खरोखर डोळा भरता (एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवता) येतो, ते बहुधा प्राध्यापक नसतात. ते प्रक्षेत्रावरचे, म्हणजे महाविद्यालयाच्या शेतावरचे, माळी असतात, ज्यांच्या पदनामात कुठेही ‘शिक्षक’ नसतं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर त्यांना हाक मारतात, ते करून दाखवतात, सर समजावतात. मुलं दोघांकडूनही शिकतात, पण सही एकाचीच होते. या माळ्यांना प्रशिक्षक म्हणून नेमा, तसा पगार द्या, मूल्यमापनाच्या कागदावर त्यांची सही घ्या. कागदपत्रं आडवी येतील म्हणाल. नियम तुम्हीच करता, म्हणून पत्र तुम्हाला आहे. आणि प्राध्यापकांनी अधूनमधून चालू रोपवाटिकेत येऊन काही आठवडे काम करावं. उंटावरून शेळ्या हाकणं प्रत्येक धंद्यात होतं, पण इथे शेळ्या मरतात.

मुलींबद्दल एक वेगळं सांगते. वाफे खणायला मुलगे, नोंदी ठेवायला मुली, अशी वाटणी कोणी ठरवून करत नाही, ती आपोआप होते, आणि शेवटी मुलीचं अक्षर सुंदर होतं आणि हात कोरा राहतो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या स्वॅनली इथल्या उद्यानविद्या महाविद्यालयाने १८९१ साली मुलींना प्रवेश दिला. तिथे शिकलेल्या मुलींना १८९६ साली क्यूच्या शाही वनस्पती उद्यानाने माळी म्हणून घेतलं, आणि मुलग्यांसारखीच तुमान घालायला लावली. हात तयार होते म्हणून त्यांना घेतलं गेलं. आज माझ्याकडे येणाऱ्या मुली पॉवर टिलर कधी सुरू केलेला नाही असं सांगतात, तेव्हा मला त्यांचा नव्हे, त्यांच्या प्रक्षेत्राचा राग येतो. ओझं कसं उचलायचं, मोठी पोती दोघांनी कशी हलवायची, हे मुलग्यांनाही शिकवायला हवं. त्यांच्याही पाठी कायमच्या नसतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते. तुमच्या कपाटात एक तरी आहे का, बघा.

आता आमच्या बाजूचंही लिहायला हवं. तुम्ही मुलं प्रशिक्षणाला पाठवता आणि आमच्यातले बरेचजण त्यांच्याकडून सत्रभर पिशव्या भरून घेतात. मिश्रण चाळणं, पिशव्या भरणं, तण काढणं ही कामं शिकायलाच हवीत. ज्याला ती येत नाहीत त्याला दुसऱ्याकडून करूनही घेता येत नाहीत. पण दोन आठवड्यांपलीकडे तेच काम म्हणजे शिक्षणाच्या नावाची वेठबिगारी. हे थांबवणं तुमच्या हाती आहे, कारण करारावर सही तुमची असते. करारात लिहा: रोप निर्मिती, छाटणी, पाणी आणि खत, रोग-किडींची पाहणी, विक्री, हिशेब, प्रत्येकाला किती आठवडे. फवारणी असेल तर हातमोजे, मास्क, गॉगल कोणी द्यायचे आणि फवारलेल्या भागात कधी जायचं नाही, तेही लिहा. हातमोजे न घालता औषध कालवताना मुलगा दिसला तर त्या रोपवाटिकेत पुढच्या वर्षी एकही विद्यार्थी पाठवू नका, ती माझी असली तरी.

हिशेबाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. एका रोपाची किंमत काढायला सांगितली की मुलं बी, पिशवी आणि माती यांची बेरीज करतात. मेलेल्या रोपांचा खर्च जगलेल्यांवर पडतो, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. शंभर लावली आणि साठ जगली, तर साठांनी शंभरांचा खर्च फेडायचा असतो, शिवाय ज्या महिन्यात काहीच विकलं जात नाही त्या महिन्यातल्या पाण्याचा आणि मजुरीचाही. हे वर्गात सांगून पटत नाही. स्वतःच्या वाफ्यातली रोपं विकायला बसलं, गिऱ्हाइकाने घासाघीस केली, की एका दुपारी पटतं. विक्रीचे पैसे मात्र त्या मुलांच्या हाती पडू द्या, विभागाच्या खात्यात नको.

यातलं काही तुम्ही पुढच्या सत्रापासून करणार असाल तर आम्ही काय देऊ शकतो ते सांगते. जातिवंत मातृवृक्षांच्या काड्या, एका वर्गाला पुरतील इतके खुंट, आणि बांधायच्या दिवशी शेजारी उभं राहून टोकायला आमच्याकडचा एक जुना माणूस. मुलांना आमच्याकडे पाठवायचं असेल तर एका वेळी चार-पाचच पाठवा, आणि निदान एका बहराचा पूर्ण काळ पाठवा. पंधरा दिवसांसाठी येणाऱ्यांना मी यापुढे प्रमाणपत्र देणार नाही. खुंटांची मागणी वेळेत कळवा, कारण पेरणी माझ्या हंगामाप्रमाणे होते आणि उशिरा आलेल्या पत्रासाठी मला रोपं वाढवता येत नाहीत.

आपली,
एक रोपवाटिकाचालक